हत्तीच्या आड

पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं, मधे वाऱ्यानं उधळलेलं पांढरं. हिमकिरीटधारी शिखरांच्या मागून सूर्य आला, तोही आजाऱ्यासारखा पांढराफटक. उतारांवर, कड्यांवर, गोठल्या नदीच्या निळसर मनगटावर रजतरेणूंचा मंद, निःशब्द, अखंड वर्षाव. दिशांना कड नाही, आकाशाला बूड नाही. जणू कुणी धरित्रीच्या देहावरून रंग नावाची वस्तूच पुसून काढली, फडकं झटकलं आणि मागं वळून न बघता निघून गेलं.

शुभ्रता. पावित्र्य. चिरशांती. असले शब्द या रानाकडं बघून ज्यांना सुचतात, ते गाडीच्या काचेआड बसलेले असतात. काचेआड ऊब असते, आणि पुढच्या मुक्कामाला आतून कडी लागणारं दार असतं. या रानात उभं राहून दिवस काढणाऱ्या बाईला शुभ्रतेचा एकच अर्थ कळतो. शुभ्रतेत आडोसा नसतो.

झाड नाही, झुडूप नाही. बांध नाही, ओघळ नाही, बाभळीची जाळी नाही. लडाखच्या या टोकाला खिंडीकडं चढत गेलेली एक नागमोडी सडक, सडकेच्या दरीकडेला अर्धा बांधलेला दगडी कठडा, आणि वळणावर ताडपत्रीची काही पालं, वाऱ्यानं पोटं फुगवून धापा टाकणारी.

त्या पालांत वडार राहत होते. सोलापूरकडच्या काळ्या, तापल्या, भेगाळल्या माळावरचे गाडीवडार, दगड फोडणारे; माती उपसणारे ते मातीवडार वेगळे. इथं सिमेंट आळायच्या आधी गोठतं. म्हणून ठेकेदारानं ही माणसं आणली, जी चुन्यावाचून, सिमेंटावाचून दगडावर दगड असा बसवतात की मधे सुईचं टोक जाऊ नये. आगगाडीतून आणली, ट्रकमधून आणली, आणि सामान उतरवावं तशी उतरवली.

त्यांच्यात दुर्गव्वा. ग्रीष्मदग्ध, पाषाणकठोर, ताठ कण्याची दुर्गव्वा. अंगात दोन स्वेटर, वर पुरुषाचा कोट, खाली नऊवारीचा काष्टा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या आजीनं जन्मात चोळी घातली नव्हती. बिरादरीची रीत, कुठल्याशा शापाची कथा सांगून बायकांच्या अंगावर लादलेली. रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या त्या उघड्या पाठीकडं गावंच्या गावं बघत गेली. ज्यांच्यासाठी रस्ता होत होता तेही बघत गेले. जगानं नुसतं बघावं आणि आपण नुसतं फोडावं, ही वाटणी दुर्गव्वाला दुधातून मिळाली होती. तिला ती कधीच मान्य नव्हती.

उन्हाळ्यात इथं एक हत्ती होता.

पालांच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, एक प्रचंड धोंडा. धूम्रवर्ण, स्थूलस्कंध, गजगंभीर. पुढं सोंडेसारखी उतरती कड, आणि त्या कडेलगत गारगोटीची एक पांढरी शीर, थेट सुळ्यासारखी. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव हत्ती ठेवलं आणि पहिल्याच दिवशी त्याला काम नेमून दिलं. "हत्तीला जाऊन येते गं," म्हटलं की सगळ्यांना कळायचं. हत्तीच्या आड बसायचं, तिथंच माहेरच्या आठवणी काढायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करायच्या. हत्ती ऐकायचा, हत्ती झाकायचा, आणि हत्ती कुणाला काही सांगायचा नाही.

मग तो हत्ती फोडला. आणि फोडला कुणी? त्यांनीच.

कठड्याला दगड कमी पडला. रामलिंग मुकादमानं वर बोट दाखवलं. तेही दाखवायची गरज नव्हती. चांगला धोंडा नुसता उभा दिसला की वडाराचे हात शिवशिवतात. दुर्गव्वानं घणाच्या पाठीनं ठोकून नाद ऐकला, अंगावरून हात फिरवत नस हुडकली आणि म्हणाली, "हितं मार." तिच्या लेकानं, तिमण्णानं, घण उचलला. हत्ती एका कण्हण्यानिशी दुभंगला. इतका सरळ, इतका आरशासारखा चिरलेला दगड त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बायकांनी टाळ्या पिटल्या! कारागिरीच्या त्या धुंद, उन्मत्त, निर्मळ आनंदात एकीच्याही मनात आलं नाही की उद्या सकाळी जायचं कुठं.

आणि बर्फ आला. त्या साली वेळेआधी आला.

बर्फानं उतार झाकले, खड्डे झाकले, वाटा झाकल्या. सगळं झाकलं, फक्त बायकांना उघडं पाडलं. पुरुषांचं काय, ते सडकेकडं पाठ करून उभे राहायचे आणि मोकळे व्हायचे. बायका उजाडायच्या आत निघायच्या. एकीनं बसायचं, बाकीच्यांनी गोधडी ताणून धरायची, वाऱ्याशी झोंबत, तोंडं फिरवून. पण बर्फ हा चहाडखोर असतो. तो पावलं जपून ठेवतो. तो पिवळं दाखवतो. महिन्याच्या दिवसांत तो लाल दाखवतो. मातीनं जे आईसारखं पोटात घेतलं, ते हा शुभ्र, पवित्र, देवभूमीचा बर्फ दिवसभर उन्हात मांडून ठेवतो.

सुंद्री ही दुर्गव्वाची सून, तिमण्णाची बायको. नव्या लग्नाची, पाखरासारखी बडबडी. एके सकाळी बर्फ बघायला आलेली एक गाडी वळणावर थांबली. काच खाली आली, काचेतून मोबाईल बाहेर आला. शिखरांचा फोटो काढत होता म्हणे. असेलही. पण नेमक्या त्याच घटकेला वाऱ्यानं गोधडी बायकांच्या हातून ओढून नेली आणि त्या अफाट, अथांग, निर्लज्ज पांढऱ्याच्या मधोमध सुंद्री एकटी उरली. एक काळा ठिपका. गाडीत कुणीतरी हसलं. काच वर गेली.

त्या दिवसापासून सुंद्रीनं पाणी सोडलं.

कुणाला सांगितलं नाही. चहाचा कप हातात घ्यायची आणि पालाच्या कडेला ओतायची. तांब्या तोंडाला लावायची आणि घोट न घेता खाली ठेवायची. पाणी प्यायलं की जावं लागतं. प्यायलंच नाही तर जावंही लागत नाही. एवढा सरळ, एवढा भयंकर हिशोब. या उंचीवर हवा कोरडी, ती प्रत्येक श्वासागणिक देहातला ओलावा चोरून नेते. सुंद्रीचे ओठ तडकले. डोळ्यांखाली जांभळ्या सावल्या उतरल्या. बडबड आटली, आणि कंबरेत पहार खुपसावी तशी कळ उठू लागली.

"सगळ्याच जात्यात की," तिमण्णा वैतागून म्हणाला. "तुझंच काय जगायेगळं?"

"तुमी पाठ फिरवली की तुमचं झालं," सुंद्री म्हणाली. "मी काय काय फिरवू?"

 तिमण्णा घण घेऊन कामावर गेला.

मग एका दुपारी दगड उचलता उचलता ती दगडासारखीच कोसळली. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, दुर्गव्वाला बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं. पाणी प्यायली नाही तर मूत्रपिंडं जातील. आणि ती गेली की ही परत माळावर जिवंत उतरायची नाही.

दुर्गव्वानं तांब्या भरला, सुनेच्या ओठाला लावला. सुंद्रीनं दात घट्ट मिटले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण घशाखाली पाणी गेलं नाही. "आडोसा द्या आत्ती," एवढंच म्हणाली. "मग पिते."

दुर्गव्वा तशीच उठून रामलिंगकडं गेली. हा रामलिंग त्यांच्याच मुलखातला. शेकोटीला तळवे शेकत बसला होता.

"संडास बांधायचाय. दगूड पायजे."

"संडास?" रामलिंग हसला. "अगं, एवढा हिमालय मोकळा पडलाय की!"

"मग तुझ्या बायकूला बोलवून घे गावाकडनं," दुर्गव्वा म्हणाली. "मधल्या मोकळ्यात बसीव. मी सडकंवर उबी ऱ्हाते आन् गाड्या थांबीवते. फोटू काढा म्हनते."

रामलिंगचं हसू शेकोटीत पडलं. पण मान काही हलली नाही. कठड्याचा घडीव दगड कठड्यालाच लागायचा. फोडताना उडालेल्या कपच्या पडल्यात, हव्या तर त्या घ्या म्हणाला. दिलदार माणूस.

तर कपच्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. कमरेएवढ्या, डुगडुगत्या, वर फाटक्या ताडपत्रीचं आच्छादन. दुर्गव्वाच्या धाकट्या जावांपैकी एकीनं विचारलं, पायाला नारळ नको का फोडायला? सगळ्या खिदळल्या. "संडासाला कुनी नारळ फोडतंय व्हय गं? येडी का खुळी!" गावाकडं असतो तसाच केला त्यांनी. उतरती फरशी, मागं नाली, कोपऱ्यात पाण्याचं टमरेल. उन्हातल्या माणसांनी उन्हातलं घर बर्फात आणून ठेवलं. पाणी ओतलं की वाहून जातं, हे त्यांना आईनं शिकवलं होतं, आणि आईला हिमालय माहीत नव्हता.

पहिल्या सकाळी ओतलेलं पाणी नालीपर्यंत पोचलंच नाही. वाटेतच थांबलं, काच झालं. दुसरीचं पाणी त्या काचेवर चढलं. सुंद्री सासूच्या शब्दाखातर तांब्याभर पाणी पिऊन आत गेली आणि त्या काचेवरून अशी घसरली की भिंतीला धरायला गेली तर भिंतच अंगावर आली. कपच्या गडगडल्या. ताडपत्री उडाली. पुन्हा पांढरं. पुन्हा मोकळं. पुन्हा सगळं आभाळ तिच्याकडं बघत होतं.

तिनं हाताला लागलेलं टमरेल दरीत भिरकावलं. मग पालात जाऊन, तोंड ताडपत्रीकडं करून पडली. आता ती रडतही नव्हती. रडायला पाणी लागतं.

दुर्गव्वा पडक्या कपच्यांत बसून राहिली. घण हरला तरी ती कधी हरली नव्हती. आज टमरेलभर पाण्यानं तिला हरवलं होतं.

तेवढ्यात खालच्या गावातली म्हातारी यांगडोल चढण चढून आली. पाठीवर वाळल्या शेणाची करंडी, चेहऱ्यावर नदीखोऱ्यांसारख्या सुरकुत्या. दूध द्यायला ती मधूनमधून पालांवर यायची. तिनं गोठलेली नाली पाहिली, काचेची फरशी पाहिली, आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली, डोळे पुसले, परत हसली.

"पानी? पानी डाला?" ती म्हणाली. "पानी तो इधर पत्थर है, बेटी!"

"हसतीयास काय म्हातारे," दुर्गव्वा चवताळली. "मग करना क्या, ते बोल!"

यांगडोलनं करंडी उतरवली. दोन हातांनी हवेत एक घर उभं केलं, खाली एक खोली, वर एक. वरच्या जमिनीला बोटानं फट पाडली. "ऊपर बैठो. नीचे मिट्टी. ऊपर से भी मिट्टी." मग पोटावरून हात फिरवत, जणू ती स्वतःच धरित्री, म्हणाली, "मिट्टी सब खाता. बदबू नहीं, बरफ नहीं. गर्मी में खेत में जाता, जौ बनता."

"मिट्टी किदर हाय? सब बरफ हाय!"

म्हातारीनं खाली, आपल्या घराकडं बोट दाखवलं. थंडी यायच्या आधी तिच्या गावात प्रत्येक घर कोरडी माती साठवून ठेवतं. आपण धान्य साठवतो, तशी.

दुर्गव्वा उठली. वरची खोली पेलायची, तर कपच्या कामाच्या नाहीत. मोठे दगड हवेत, कोपरे धरणारे, वजन सोसणारे. ती सरळ कठड्याशेजारच्या घडीव दगडांच्या राशीपाशी गेली. बर्फ हातानं झाडला. एक दगड उलटा केला, दुसरा उलटा केला. तिसऱ्यावर तिचा हात थबकला. करड्या अंगावरून उतरणारी गारगोटीची शीर. सुळा.

तिनं तो दगड छातीशी धरून उचलला आणि चालू लागली.

रामलिंग धावत आला. "दुर्गव्वा, खाली ठिव! कठड्याचा माल हाय त्यो!"

"माल न्हवं. हत्ती हाय. आमचा हाय. ही शीर बघ, वळखतुस का?"

"सायबानं इचारलं तर काय सांगू मी?"

"सांग, हत्ती चालत गेला."

कठड्यावर तिमण्णा हात थांबवून बघत होता. आईकडं बघितलं. मग पालाच्या तोंडाशी बघितलं. आवाज ऐकून सुंद्री गोधडी लपेटून तिथंवर आली होती. खांबाला धरून उभी, ओठांवर रक्त वाळलेलं, बाहुलीसारखी हलकी. ज्या घणानं आपण हत्ती फोडला तो घण तिमण्णाच्या हातात होता. त्यानं तो खाली ठेवला.  राशीतला सर्वांत मोठा दगड कण्हत खांद्यावर घेतला आणि आईच्या मागं निघाला. त्याच्या मागं दुसरा. दुसऱ्याच्या मागं तिसरा. कठड्यावरचा ठोका थांबला. दरीनं कान टवकारले.

रामलिंगला दया आली, असं काही नाही. खिंड बंद व्हायच्या आत कठडा पुरा करून द्यायचा होता, आणि हे हात रुसले तर या उंचीवर दुसरे हात उगवणार नव्हते. त्यानं बर्फाला एक लाथ मारली. आपल्या तंबूत गेला.

जुन्या हत्तीच्या जागेवरच रेघ मारली. या खेपेला दुर्गव्वानं सगळ्यांना थांबवलं. "नारळ पायजे," म्हणाली.

"आक्का, संडासाला?" आधी नारळाचं विचारणारी जाऊच म्हणाली.

"देवळाच्या पायाला नारळ फोडला, ज्या देवळाच्या ओवरीत आपल्याला कुनी निजू दिलं न्हाई. बंगल्याला फोडला, ज्याच्या फाटकातून परत आत घेतलं न्हाई. आन् ज्याच्यात माझी सून जगायची, त्याला का न्हाई?"

नारळ कुठून असणार? यांगडोलनं कनवटीतून वाळल्या जर्दाळूची एक बी काढली. दुर्गव्वानं कपाळावरचं कुंकू बोटानं घेतलं, पायाच्या दगडाला लावलं. त्या निःसीम पांढऱ्यात तो लाल ठिपका पहिल्यांदाच कुणाला लाजवत नव्हता. घणाच्या टोकानं तिनं बी फोडली. कडूगोड गराचा कण कण सगळ्यांच्या जिभेवर आला. म्हातारी स्वतःच्या भाषेत काही पुटपुटली. तिच्या देवाला आणि यांच्या यल्लम्माला एकमेकांचं बोलणं कळलं असावं, कारण वारा जरा पडला.

मग ती रचना! दगडाचा चेहरा बघून दगडाची जागा. कोन कोनाला भिडला, पाठ पाठीला लागली, फटीत कपची अशी बसली जशी दातांत दात. करड्यावर करडा, थरावर थर, हिमधवल निरवतेत पाषाणांचा तो मंद्रगंभीर टणत्कार. खाली अंधारी कोठी. कोठीवर दोन रुंद लाद्या, मधे फट. बाहेरून चढायला दगडी पायऱ्या. पहाडाकडं दार, सडकेकडं पाठ. हत्ती पुन्हा उभा राहत होता. ज्या हातांनी फोडला, त्याच हातांखालून.

यांगडोलच्या घरून पोत्यांनी माती आली. बायका फावड्यानं ती आत लोटू लागल्या, तशी एकजण ओरडली, "बघा गं बघा, गाडीवडाराच्या हातात फावडं आलं! मातीवडार झालो की आपुन!" पालांपासून कड्यापर्यंत हसणं घुमलं. किती दिवसांनी.

छपराचं अडलं होतं. एका सकाळी दाराशी डांबराच्या पिंपांचे सपाट ठोकलेले पत्रे पडलेले दिसले. रामलिंग पाठमोरा चालला होता. "पडून हुते," म्हणाला, मागं न बघता. दुर्गव्वानं आभार मानले नाहीत. पत्र्यांतला एक दाराला लावला, आणि त्याला आतून तारेचा जाड आकडा बसवला.

तिमण्णानं सुंद्रीला हात धरून पायऱ्यांपाशी आणलं. तिथं त्यानं हात सोडला आणि खाली उतरून लांब उभा राहिला. ती एकेक पायरी चढली. पत्र्याचं दार मिटलं. आकडा खट्कन अडकला. एवढासा आवाज, पण शिखरांनी तो ऐकला, खिंडीनं ऐकला, आणि दुर्गव्वाच्या छातीत साठलेल्या तीन पिढ्यांनी ऐकला.

 वेळ गेला. आणखी गेला.

"काय गं," शेवटी दुर्गव्वानं हाक मारली, "निजलीस का काय आत?"

आतून आवाज आला. कोरडा, चिरकलेला, पण जुन्या पाखराचा.

"बसू द्या की वो आत्ती जरा. कुनी बघंना झालंय."

दुर्गव्वानं तोंड फिरवलं. कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "बस," म्हणाली. "बस माझी बाय."

सुंद्री बाहेर आली तेव्हा ढग फाटले होते. पायरीवरच बसली. चुलीवर वितळवलेल्या बर्फाचा तांब्या सासूनं पुढं केला. तिनं दोन्ही हातांत धरला आणि तोंडाला लावला. ज्या पांढऱ्यानं तिला उघडं पाडलं, तेच पांढरं वितळून, कोमट होऊन, तडकल्या ओठांवरून, वाळल्या घशातून, घटाघटा, खाली, आत, खोल उतरत राहिलं.

भिंतीवर ऊन आलं. करड्या दगडात गारगोटीची शीर लखलखली. तांब्या रिकामा झाला. आणि हत्तीच्या आड बसून सुंद्रीनं तो पुन्हा पुढं धरला.